नेदोच्या फोटोत माणूस नसे

नेदो फिलिपेल्लीच्या फोटोत माणूस नसे. इमारत असे, तिच्यावर सकाळचं तिरपं ऊन असे, खिडक्यांच्या ओळी पट्टीनं आखल्यासारख्या सरळ असत. पण बाल्कनीतली बाई, पायरीवरचं मांजर, दोरीवर वाळत घातलेली विजार, यातलं काही तो चालवून घेत नसे. तिकाटण्यावर लाकडी कॅमेरा चढवायचा, डोक्यावर काळं कापड ओढायचं आणि रस्ता रिकामा होईपर्यंत तासन्‌तास थांबायचं. मिलान-रोमच्या मासिकांत त्याचे फोटो छापून येत. मोठमोठे आर्किटेक्ट इमारतीला रंग लागायच्या आधीच नेदोची तारीख धरून ठेवत.

आणि हा गृहस्थ जन्मला कुठे, तर आमच्या लिव्होर्नोच्या सान लुपो गल्लीत, जिथे नजर टाकाल तिथे माणूसच. कालव्याच्या काठाला समोरासमोर घरं, खिडकीपासून खिडकीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी आणि चादरींखाली भांडणं. त्याची थोरली बहीण आर्जिया अजून तिथेच राहत होती, तिसऱ्या मजल्यावर, दोघं जन्मले त्याच घरात.

रानिएरी साल्वेत्ती हा पिसाचा, म्हणजे लिव्होर्नोच्या पिढीजात वैरी शहराचा, आर्किटेक्ट. वीस वर्षं त्यानं बांधावं आणि नेदोनं टिपावं अशी जोडी होती. नाताळच्या आदल्या दिवशी तो न चुकता आर्जियाकडे यायचा आणि माशांचा लाल रस्सा पाव बुडवून बुडवून हाणायचा.

"पिसाच्या माणसाला जेवू घालते म्हणून शेजारणी वाळीत टाकतील मला," आर्जिया वाढता वाढता म्हणायची. तो हसून ताटली पुन्हा पुढे करायचा.

अडुसष्ट सालच्या वसंतात साल्वेत्ती म्हणाला, "नेदो, तुझ्या गल्लीचे फोटो काढ. जुनं, देखणं काम आहे ते. लोकांना दिसलं तर टिकेल."

नेदोच्या डोळ्यांत पाणीच आलं. जन्मभर परक्यांच्या भिंती टिपल्या, आता आपल्या टिपायच्या. त्यानं एक रविवार ठरवला आणि दारोदार फिरून सांगितलं, दोन तास दोऱ्या उतरवा, कुंड्या आत घ्या, झडपा लावा, बाहेर पाऊल टाकू नका.

"कोण मेलंय, नेदो?" आर्जिया वरून ओरडली. "की पोप येतोय?"

"ऊन येतंय! आत हो!"

"आमच्या चड्ड्या बघून ऊन आजवर कधी लाजलं नव्हतं, बाबा!"

गल्ली खो खो हसली, पण नेदो आपला म्हणून सगळ्यांनी आवरलं. मासे विकणाऱ्या द्योमीरानं तर मासे साफ करायचा पाटही धुऊन आत नेला. अठरा फोटो निघाले. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम, यात वाद नाही.

ऑक्टोबरात प्रदर्शन लागलं. नवनगर मंडळ म्हणून पालिकेची एक नवीच भानगड निघाली होती, तिनं भरवलेलं. सान लुपोच्या बायका चर्चला जायचे कपडे घालून आपली गल्ली बघायला गेल्या. भिंतभर नेदोचे फोटो होते. त्यांच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सान लुपो : ओस पडलेली वस्ती.' मधल्या टेबलावर साल्वेत्तीनं केलेली पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. तिच्यात गल्लीच्या जागी मोटारींचा तळ होता आणि बारा मजली कचेरी. पाडायचं की ठेवायचं, यावर मंडळ गुरुवारी मत देणार होतं.

मग द्योमीरानं एका फोटोवर बोट ठेवलं. "ही माझी खिडकी. हिच्यामागे मी उभी होते. श्वास रोखून."

नेदोनं साल्वेत्तीची बाही पकडली. "टिकेल म्हणालास ना तू?"

"फोटो टिकतील की." साल्वेत्तीनं हळूच बाही सोडवून घेतली. "आणि मी खोटं काय लिहिलंय? फोटो तुझेच आहेत. एक तरी माणूस दाखव त्यात."

"तिच्या हातचं जेवलास रे तू!"

"जेवलो. तिला शहराबाहेर चांगला फ्लॅट मिळेल. लिफ्टवाला."

एवढं बोलून तो पाहुण्यांकडे वळला. चेहऱ्यावर ना लाज ना राग, नुसती घाई. गळा कापला असता तरी नेदोला इतकं लागलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे त्यानं खरंच अठराही फोटो पुन्हा डोळ्यांखालून घातले, आणि माणूस एकातही नव्हता.

बुधवारी सकाळी तो कॅमेरा घेऊन गल्लीत आला. एकच फोटो हवा होता, बायका-पोरं आणि चादरींनी गच्च भरलेला. तो मंडळापुढे ठेवला असता तर घरं अजून वाचली असती. त्यानं तिकाटणं रोवलं आणि वर बघून हाका मारल्या, "द्योमीरा! इल्वा! खिडकीत या, सगळ्यांना बोलवा!"

द्योमीरा खिडकीत आली. खाली बघून तिनं दोरीवरची एकेक चादर ओढून घेतली आणि झडप लावली. मग तिच्या शेजारणीनं, मग समोरच्या इल्वानं. वसंतातल्या त्या रविवारी दारोदार फिरून सांगावं लागलं होतं, आता दहा मिनिटांत गल्ली आपणहून रिकामी झाली.

आर्जियाची खिडकी तेवढी उघडी होती.

"सांग ना गं त्यांना," नेदो म्हणाला. "तुला तरी ठाऊक आहे ना, मला यातलं काही माहीत नव्हतं ते?"

आर्जियानं कठड्यावर हात टेकले.

"तू माझा भाऊ आहेस, हे ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं, हे मी रोज स्वतःला सांगून बघतेय, नेदो. पटत नाही."

मग तिनंही आपली चादर आत घेतली.