टोस्टवाल्या मामूंचे पाय

मामू खुर्चीत बसले तरी त्यांचे पाय बसत नसत. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची लहानशी बेकरी होती. काउंटरमागे मामू टोस्टच्या पुड्या बांधत, गिऱ्हाइकाशी बोलत, मध्येच रस्त्यावरच्या कोणाला सलाम ठोकत, आणि खाली टेबलाआड त्यांचे दोन्ही पाय गोल गोल फिरत राहत. नवखा माणूस वाकून बघायचा की खाली शिलाई मशीन तर नाही. मामी सांगायच्या, की हे झोपेतही थांबत नाहीत. "निकाह झाला तवापासून मी एक रात बी धड पांघरून घेतलं नाही," अशी त्यांची तक्रार असायची, आणि मामू ती कौतुक झाल्यासारखी ऐकायचे.

हे सगळं त्यांच्या सायकलमुळे. साध्या सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं, म्हणून उतारावर पाय सोडून निवांत बसता येतं. मामूंचं फ्रीव्हील तरुणपणी एकदा बिघडलं, मागे टोस्टचा डबा लादलेला, म्हणून त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून ते जाम करून घेतलं. आधी नाइलाज होता, मग आवड झाली. आता चाक फिरलं की पेडल फिरणार आणि पेडल फिरलं की पाय फिरणार, सुटका नाही. थांबायचं असलं तर पायांनीच मागे जोर द्यायचा. हातातले ब्रेक तर त्यांनी काढूनच टाकले होते. "पाय असताना हाताले कायले तरास?" असं म्हणायचे. अशा सायकलला मोठ्या शहरात फिक्स म्हणतात आणि तिथली पोरं ती ऐटीत विकत घेऊन मिरवतात, हे आम्हाला फार नंतर कळलं.

माझी त्यांची ओळख वांग्यांमुळे झाली. आम्ही माळी, गावाबाहेर नाल्याच्या कडेला आमचा मळा. पहाटे भाजी बाजारात न्यायचं काम माझं. एकदा मागे वांग्यांचं पोतं लादलेलं असताना भर रस्त्यात माझ्या सायकलचं फ्रीव्हील गेलं, पेडल मारलं तरी चाक हलेना, आणि मी तिथेच उभी राहून सायकलच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मामू शेजारी येऊन थांबले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, शिव्या देऊन चाक फिरत असतं त मी आतालोक विमानात बसलो असतो. चाल माह्यासंग." त्यांनी मला वेल्डिंगवाल्याकडे नेलं. तेव्हापासून मी फिक्सवाली झाले, आणि मामूंच्या तोंडी माझं नाव वांगेवाली पडलं ते कायमचं.

उताराचा त्यांना राग होता. कारंजा रस्त्याला लागलं की पुढे एक लांबलचक उतार आहे. तिथे सगळी दुनिया हात-पाय सोडून वारा खात जाते. फिक्सवर तसं करता येत नाहीच, पण मामूंना ते करावंसंही वाटायचं नाही. "फुकटचा उतार हराम," म्हणायचे. "चढाले जेवढे पाय मारले तेवढेच उताराले मारा, मग झोप चांगली लागते." आता मला सांगा, पायांना दिवसभर वेठीला धरून झोप कोणाला चांगली लागते? पण त्यांना उलट बोलायची सोय नव्हती. एकदा मी चिडून म्हटलं, "मामू, तुमी जन्नतीत गेले तरी तिथं पेडलच मारान." ते म्हणाले, "तिथं रस्ते चांगले असतीन."

मग पुण्याला नोकरीला गेलेला आमच्या गावचाच अंकुश परत आला. कॉम्प्युटरचं काम घरून करतो, आणि येताना पिवळी जर्द फिक्स सायकल घेऊन आला. गावात त्याला वाटलं आपणच एकटे. पहिल्याच सकाळी एका टोपीवाल्या म्हाताऱ्याने मागे टोस्टचा डबा लादून त्याला चढावर मागे टाकलं. अंकुश दुसऱ्या दिवशी बेकरीत हजर. त्याने फोनवर ग्रुप काढला, वाशीम, कारंजा, अकोल्याचे फिक्सवाले त्यात जोडले, आणि मामूंच्या नुसत्या पायांचा व्हिडिओ टाकला. लोक लांबून मामूंना बघायला यायला लागले. दर रविवारी शेलूबाजारपर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परत यायचं. पुढे मामू, मागे आम्ही. माझ्या सासूबाईंना आधी ते पटलं नाही. मग त्यांनी मामूंचे टोस्ट खाल्ले आणि पटलं.

मामूंना एकच घमेंड होती, आणि ती पायांची. "माह्या पायानं मले आजलोक धोका देला नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी बोलत. गावातले काही लोक आम्हाला बिनब्रेकची टोळी म्हणत. एका शाळेच्या हेडमास्तरांनी तर पोरांना बजावून ठेवलं होतं की यांच्या नादी लागू नका, एक दिवस गाडीखाली जातील. मामू त्यांच्या शाळेसमोरून मुद्दाम भरधाव जायचे आणि फाटकाच्या रेषेवर पायांनी सायकल अशी थांबवायचे की हेडमास्तरांना खिडकी लावून घ्यावी लागे.

आणि मग तो बुधवार. सकाळी बेकरीच्या दारातच मामूंची चेन तुटली. बायपासच्या चहाच्या टपऱ्यांवर टोस्ट वेळेवर गेला नाही तर गिऱ्हाईक चहाला नावं ठेवतं, म्हणून त्यांनी शेजारच्या टेलरची सायकल मागून घेतली. टेलरची सायकल साधी, आपल्या सगळ्यांसारखी. पेट्रोल पंपाजवळ एक कार रस्त्यावर येत होती आणि मामू तिच्या दारावर जाऊन आदळले. मी बाजारात पालेभाजीच्या जुड्या लावत होते. कोणीतरी ओरडत आलं की टोस्टवाल्या मामूंना कारवाल्याने उडवलं. मी भाजी तशीच टाकून निघाले.

गाडी चालवणारा रिसोडकडचा एक पोरगा होता, वैभव. त्यानेच मामूंना मागच्या सीटवर आडवं घालून दवाखान्यात आणलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं, गुडघ्याचाही चुरा झाला होता. पोरगा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा, शर्टावर रक्त. तो पोलीस भरतीच्या मैदानी आणि लेखी परीक्षेत निवडला गेलेला, आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिलेली. अंगावर गुन्हा चढला की सगळं मुसळ केरात. हे त्याने स्वतःहून सांगितलं नाही, त्याच्या सोबत आलेल्या दोस्ताने सांगितलं. आणि खरं सांगते, मला ते ऐकून जराही दया आली नाही. मी म्हटलं, "मामूचा पाय मोडून तुले खाकी घालाची हाय का?" पोरगा खाली मान घालून म्हणाला, "ताई, माहीच चूक झाली असंल. मले काही समजलंच नाही." झालं. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

अंकुशने ग्रुपवर टाकलं की आमच्या मामूंना कारवाल्याने उडवलं, सगळ्यांनी या. दुपारपर्यंत दवाखान्यासमोर सायकलीच सायकली. वाशीम, कारंजा, अकोला, जिथून जमेल तिथून लोक पेडल मारत आले होते, काही तर उन्हाने काळवंडले होते. मामूंनी यातल्या कित्येकांचं नावही ऐकलं नसेल. पण फिक्सवाला फिक्सवाल्याला ओळखतो. उभा राहिला तरी त्याचा एक पाय पेडलवर असतो. ठरलं की सगळ्यांनी मिळून पोलीस ठाण्यावर जायचं, गुन्हा दाखल झाल्याशिवाय हलायचं नाही. एकाने म्हटलंसुद्धा, की ठाण्यात जायच्या आधी पोराला जरा बाजूला घेऊ. त्याला कोणी नको म्हणालं नाही. मला त्या रागाची आजही लाज वाटत नाही, माणूस आमचा होता.

तेवढ्यात जबाब घ्यायला जमादार आले. मामूंना शुद्ध होती. खाटेपाशी मामी, अंकुश आणि मी. दाराशी तो वैभव, त्याला जमादारांनीच बोलावून उभं केलेलं. आम्ही सगळे मामूंच्या तोंडाकडे बघत होतो. आणि त्यांचे पाय, जे मी कधी थांबलेले पाहिले नव्हते, ते पांढऱ्या चादरीखाली नुसते पडून होते. मला ते बघवेना.

"गाडी जोरात होती का मामू?" जमादारांनी विचारलं.

"नाही," मामू म्हणाले. "हळू होती. लाइट बी देला होता त्यानं वळाचा. मले लांबून दिसून राह्यली होती गाडी."

अंकुश मध्ये बोलला, "मामू, तुमाले आठवत नसंल. डोक्याले मार असंल."

"मार पायाले हाय. डोकं जाग्यावर हाय." मग जमादारांकडे वळून ते सावकाश सांगायला लागले. "मी थांबासाठी पाय मागं दाबले, माह्या सायकलवर दाबतो तसे. ते टेलरची सायकल, फ्रीव्हीलवाली. पेडल उलटं फिरलं, एकदम खाली. मी आणखी दाबलं, ते आणखी फिरलं. ब्रेक होता साहेब. दोन-दोन होते, हाताखालीच. पण हात गेलाच नाही. इतके वर्स त्याले कामच नव्हतं. गाडीनं मले नाही मारलं, मी गाडीले मारलं."

मामींनी पदर तोंडाला लावला. जमादार भले माणूस, पेन थांबवून म्हणाले, "मामू, विचार करून सांगा. मग तुमचीच चूक लिवू का?"

"लिवा."

अंकुशला राहवेना. तो खाली बसला, मामूंच्या कानाशी जाऊन म्हणाला, "मामू, बाहेर एवढे लोक आले हायत. आता सारं गाव म्हणंल, फिक्सवाले येडे हायत. तो हेडमास्तर त पेढे वाटंल."

मामूंनी डोळे मिटले. वेदना होत असणार, पण आवाज बेकरीतला होता, पुडी बांधताना असायचा तसाच. "येडे म्हनतीन. म्हनू दे. खोटे त नाही म्हननार." मग त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. "तू इकडे ये रे पोट्ट्या. हात कापून राह्यले तुहे. सकाळपासून काही खाल्लं का नाही? वांगेवाली, याले चहा पाज अन् टोस्ट दे."

ज्याला मी सकाळी खाऊ की गिळू करत होते, त्याला मी माझ्या हाताने चहा दिला. तो बशीत चहा ओतायला गेला तर अर्धा खाली सांडला. मग तो रडायला लागला, आणि मीही. मला रडायला आवडत नाही, पण त्या दिवशी इलाज नव्हता.

बाहेर जाऊन लोकांना सांगणं हे सगळ्यात अवघड काम, ते अंकुशने केलं. दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून त्याने शब्दाला शब्द सांगितलं, मामू काय बोलले ते. पिवळ्या सायकलचा तो पुण्याहून आलेला पोरगा मला त्या दिवशी मोठा झालेला दिसला. मला वाटलं, आता लोक वैतागतील, म्हणतील एवढं ऊन अंगावर घेऊन आम्ही आलो ते कशाला. पण कोणी सायकल वळवली नाही. मग अकोल्याच्या एका दणकट दाढीवाल्याने हेल्मेट काढलं आणि विचारलं, "मामूले भेटता येईल का?"

ते एकेक करून वर गेले. नर्स ओरडली, पण चपला-बूट काढून रांगेत आल्यावर तिचंही काही चाललं नाही. प्रत्येकाने मामूंना हात जोडले, कोणी सलाम केला. आणि बाहेर पडताना प्रत्येक जण त्या वैभवच्या खांद्यावर हात ठेवून गेला. ज्याने त्याला बाजूला घेऊ म्हटलं होतं, तोसुद्धा. मी दाराशी उभी होते. माझी छाती अशी फुगली होती की ब्लाउज उसवतो का काय असं वाटलं.

मामूंच्या मांडीत सळई टाकली, पण गुडघा पुरता वाकेना. साध्या सायकलवर अर्धं पेडल मारून भागतं, पण फिक्स पायाला गोल फिरवल्याशिवाय सोडत नाही. दोन-तीनदा ते प्रयत्न करून बसले आणि खाली उतरले. नंतर बेकरी भाच्याच्या हाती देऊन ते मामींसह कामरगावला मुलीकडे गेले. एसटीत बसताना त्यांनी आम्हाला खिडकीतून एकच सांगितलं. "उसनी सायकल घेतली त आधी उभ्यानं ब्रेक दाबून पाहा. हाताले सांगून ठेवा. माह्यावानी करू नका." आम्ही सगळ्यांनी आपापल्या सायकलला पुढचा ब्रेक लावून घेतला आहे. बिनब्रेकची टोळी हे नाव मात्र गेलं नाही, आणि आम्हीही ते पुसायच्या भानगडीत पडलो नाही.

वैभव आज पोलिसात आहे. सुट्टीत कामरगावला जाऊन मामूंना भेटून येतो, असं मामी फोनवर सांगतात. आमचा रविवार अजून चालतो, नवे लोक येतात, मामूंची गोष्ट त्यांनी कुठेतरी ऐकलेली असते. शेलूबाजारच्या चहावर कोणी ना कोणी विचारतंच, की ताई, त्या ॲक्सिडेंटमध्ये खरी चूक कोणाची होती. मी कप खाली ठेवते आणि मान ताठ करून सांगते, आमच्या मामूंची.