दह्याचं पान

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. ते जायच्या आदल्या दिवशी अगदी ओठांवर आलं होतं, आणि मी विचारलं काय, तर पाणी देऊ का! तुमचा-माझा काही संबंध नाही, म्हणून असेल, तुमच्यापाशी बोलवेल असं वाटतं. बघते.

लढाईचे दिवस होते. माधवनगरला गिरणीत हे कारकून. सकाळी गेले की दिवेलागणीला परत. मूलबाळ नाही. मी वाईची, सातवीपर्यंत शिकलेली. त्याची घमेंड केवढी! पण ती दाखवायची कुणाला? दुपार झाली की घर खायला उठायचं.

मग शेजारी अन्सा लग्न होऊन आली. वडूजकडची, कोरडवाहू मुलखातली. माहेरी एक शेळी, दूध चहापुरतं. इथे सासऱ्यांची चांगली दुभती म्हैस, आणि सासू वारलेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही, शिकवणार कोण? माझ्याकडे भावानं पाठवलेलं एक पुस्तक होतं, घरच्या दूधदुभत्याचं, लोणच्या-पापडांचं. तिला अक्षर येत नव्हतं. "वैनी, आज काय वाचायचं?" म्हणत रोज दुपारी यायची, भिंतीला टेकून बसायची. सांडगे, कुरडया, तूप कढवणं — काय काय केलं आम्ही दोघींनी! ते चार महिने मी सुखात होते. खरंच होते.

थंडी पडली आणि तिचं दही लागेना. रोज दूध वाया. "मामंजी म्हनत्यात, एवढंबी जमंना तर हिला ठिवून काय करायचं." हसत सांगायला गेली, पण रडलीच. "पुस्तकात बघा की वं."

तिची चूक मला आधीच कळली होती. दूध पार गार करून मग ती विरजण लावायची. कोमट हवं, एवढंच. पान उघडलं तर तिथेही तेच छापलेलं. मग वाचलं का नाही? सांगते. मी पान उलटत असताना ती डोळे पुसत म्हणाली, "एकदा दही लागाय लागलं की ताक, लोनी, लय काम पडंल. मग मला हितं कवा यायला मिळतंय!"

मी ओळींवरून बोट फिरवत वाचलं — काही बायकांचा हात दुधाला सोसत नाही. हे जन्माचं असतं. त्यांनी विरजणाला हात लावू नये.

यातलं एक अक्षर पुस्तकात नव्हतं.

"आसं छापलंय?"

"छापलंय."

तिनं आपले तळवे उलटेसुलटे करून पाहिले. किती वेळ पाहत होती, बाई!

मला वाटलं, आता दही लावायला दूध घेऊन रोज माझ्याकडेच येईल. कसलं काय! तिनं घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासऱ्यांनी सांगलीहून आपली विधवा बहीण आणली. दूध, चूल सगळं त्या आत्याबाईंच्या हातात, अन्साकडे शेण आणि वैरण. म्हशीचं रेडकू मेलं, तेही तिच्या हातावर ढकललं. दुपारची ती यायचीच बंद झाली.

दोन वर्षांनी बायकांचा साक्षरता वर्ग निघाला. एका सकाळी अन्सा दारात. "वैनी, मला वाचाय येतंय आता! त्ये माज्या हाताचं लिवलंय त्ये दावा की." तोंड असं फुललेलं! आपलं वाईट वाचायला कुणी इतक्या आनंदानं येतं का? "दुपारी ये," म्हटलं. दार लावलं आणि ते पान फाडलं.

दुपारी ती आली आणि पुस्तकच घरी घेऊन गेली, महिनाभर. अक्षराला अक्षर जोडत सगळं वाचलं. परत देताना म्हणाली, "न्हाई गावलं. ज्ये पान फाटून गेलंय त्येच्यावरच आसंल." तिला माझा संशय? छे. आला असता तर मी कदाचित बोलले असते — नाही, हेही खोटंच. नसते बोलले.

ते पान माझ्या ट्रंकेत आहे. दूध कोमट असावं, करंगळी बुडवून पाहावी, थंडीत भांडं धान्यात पुरून ठेवावं. हातांबद्दल त्यात काही नाही.

अन्सा अजून शेजारीच राहते. आत्याबाई केव्हाच गेल्या, आता सून आली आहे. काल भिंतीपलीकडून आवाज आला, "तूच लाव गं विरजण. माज्या हाताचं पुस्तकात छापलंय."

मी इकडे दुधात करंगळी बुडवून बसले होते. दूध गार होईपर्यंत तशीच बसून राहिले.