विकलेल्या घराची दुसरी किल्ली

चोरी न झालेल्या एका घराची तक्रार अजूनही माझ्या मनातून जात नाही. हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता आणि मी सेनगावला ठाणेदार होतो. मोबाइल आमच्याकडे अजून पोचायचे होते.

बांगड्या विकणारं एक जोडपं ठाण्यात आलं. त्यांनी नुकतंच गावात घर विकत घेतलं होतं.

"साहेब, बाजाराच्या दिवशी आमी दुकान मांडायला गेलो की घरात कोणी तरी येऊन जाऊन राहिलं," बाई म्हणाली.

"काय काय गेलं?"

"काहीच न्हाई. फोनजवळचा स्टूल तेवढा सरकलेला असतो."

जमादाराला हसू आलं. भुतावर कोणतं कलम लावायचं, असं तो पुटपुटला. मी त्याला तिथंच झापलं. आपण स्टूल कुठं ठेवला होता हे घरच्या बाईला पक्कं ठाऊक असतं. जागेचा पंचनामा केला, तेव्हा कुलूप शाबूत होतं आणि कडीकोयंड्यावर ओरखडाही नव्हता. म्हणजे येणाऱ्याकडे किल्ली होती.

समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं खबर दिली. ज्या दलालानं हा सौदा जमवला, तो बाजाराच्या दिवशी दुपारी त्या दारात दिसतो. दलालाला बोलावून घेतलं. पांढरे कपडे, तोंडात पान आणि जिभेला हाड नाही. मी त्याला एकही प्रश्न न विचारता बाकावर बसवून ठेवलं. बडबड्या माणसाला गप्प बसवणं ही मोठी शिक्षा असते. थोड्याच वेळात तो स्वतःच उठून टेबलाशी आला.

"साहेब, दुसरी किल्ली माझ्याकडंच हाय. पण मी आत जात न्हाई. मी म्होरच्या दारात लक्ष ठेवतो, किल्ली घेऊन मागच्या दारानं म्हातारं जातं."

म्हातारं म्हणजे घर विकणारा. एसटीतला निवृत्त कंडक्टर. बायको वारल्यावर एकट्याचे हाल होऊ लागले, म्हणून लेकीनं त्याला जवळच्याच पुसेगावला नेलं होतं.

"लई सतावलं त्यानं मला," दलाल सांगू लागला. "गिऱ्हाईक आणलं की घराचं राहिलं बाजूला, पहिलं इचारायचा, बाजाराच्या दिवशी घरी कोण राहते? घरी कोणी राहते म्हणलं की सौदा मोडला. शेवटी मी बसून इचारलं, बाबा, काहून असं करता? तर रडायलाच लागला."

म्हाताऱ्याला जीप पाठवून आणवलं. चहा दिला. तो कपाकडे बघत बोलू लागला.

"माझ्याशी भांडून पोरगं घरातून गेलं. मीच हाकललं त्याला. पण बाजाराच्या दिवशी दुपारी आईला फोन करायचं. मी बाजारात असतो, हे त्याला ठाऊक व्हतं. तिनं मरताना मला सांगितलं. तवापासून दर बाजाराला फोनपाशी बसतो, पण त्याचा फोन आला न्हाई. आई गेली, हेसुदा त्याला माहीत न्हाई, साहेब. फोन पुसेगावला नेला तर नंबर बदलतो, म्हणून तो घरासंगंच ठेवला. मग पोरानं कुठं हाक मारायची?"

"मग घेणाऱ्याला सरळ सांगायचं होतं की!" मी दलालावर ओरडलो.

"कसं सांगावं? पोरगं परागंदा हाय म्हणलं की गिऱ्हाईक पळते. उद्या वारस म्हणून उभं राहिलं तर, हे भेव असते लोकाला."

घर म्हाताऱ्याच्या स्वतःच्या कमाईचं होतं, मुलाचा त्यावर हक्क लागत नव्हता; पण लोक बिचकतात, हे दलालाचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी दुसऱ्याच्या घराची किल्ली ती दुसऱ्याचीच. गुन्हा नोंदवायला जागा होती. मी जोडप्याला बोलावून सगळं सांगितलं आणि फिर्याद द्यायची का, ते विचारलं. नवरा घुटमळला. बाई उठली, तिनं दलालाच्या हातातली किल्ली घेतली आणि म्हाताऱ्याच्या मुठीत दिली.

"चोरावानी काहून येता बाबा? पुढच्या दारानं या. अन् चहा करून पीत जा."

म्हातारा तिच्यापुढे वाकायला लागला, तेव्हा तिनं त्याला धरलं. जमादार खिडकीकडे तोंड करून उभा होता. मला माझा मुलगा आठवला. तो तेव्हा पुण्यात शिकत होता, आणि आमचं बोलणं पैशापाण्यापलीकडे जात नव्हतं.

नोकरीभर अडून बसलेली माणसं मी दमात घेऊन हलवली. हा माणूस कशासाठी अडलाय, हे आधी विचारावं, ते मला त्या दलालानं शिकवलं. वाट त्यानं चुकीची धरली, पण विचारलं मात्र त्यानंच.

पुढे माझी बदली झाली. एका बाजाराच्या दिवशी दुपारी राहवलं नाही, म्हणून त्या घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बोल रे लेकरा!"

मी माझी ओळख सांगितली. मग म्हाताऱ्यानं माझी, घरच्यांची अदबीनं विचारपूस केली आणि संकोचून म्हणाला, "साहेब, राग नका मानू, पण आता ठेवता का? लाइन मोकळी असलेली बरी."