कोपोच्या शेपटीच्या बारा नवऱ्या

शहरातून कुणी आलं की अजून विचारतं, "दोन्या झुनिल्दाच्या त्या विणलेल्या पांढऱ्या नवऱ्या आहेत का?" मी नाही म्हणते. त्या एकदाच झाल्या, बारा, आणि पुन्हा होणार नाहीत. का, ते गिऱ्हाइकाला सांगत नाही. इथे सांगते, कारण त्या पापात अर्धा वाटा माझा आहे.

झुनिल्दा माझी शेजारीण, 'दोन्या' हा तिला लोकांनी दिलेला मान. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिने पोर हातात धरली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणत आलो. आमच्या वाडीतल्या सगळ्याच बायका घोड्याच्या केसांचं विणतात. सांगाडा वाखाचा, वीण केसांची, आणि हत्यार म्हणजे दहा बोटं. फुलपाखरं, चेटकिणी, टोप्या, कानातली. पण झुनिल्दाचं काम हातात घेतलं की आपलं खिशात लपवावंसं वाटायचं. ती बोलायचीही तसंच. माझं एक फुलपाखरू उलटंपालटं करून म्हणाली होती, "कोमाद्रे, हे उडणार आहे की याला औषध फवारून मारायचं?"

तीस वर्षं तिचा माल डझनाच्या जुड्या बांधून एक दलाल न्यायचा. एकदा कुठल्याशा लग्नाला म्हणून राजधानीत, सांतियागोला गेली, तिथे एका दुकानाच्या काचेत तिला आपलीच चेटकीण बसलेली दिसली. खाली चिठ्ठी होती, 'ग्रामीण हस्तकला'. घरी येईपर्यंत ती धुमसत होती. "ग्रामीण हे कुणाचं नाव असतं का गं? मला आईने झुनिल्दा नाव ठेवलंय."

म्हणून एकसष्टाव्या वर्षी तिला लिनारेसच्या फेब्रुवारीतल्या मेळ्यात स्वतःचा गाळा मिळाला, तेव्हा तिच्याइतकाच तिचा भाऊ खूश झाला. रोसामेल तिच्याहून चार वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा, छकडा हाकणारा. त्याने छकड्याला दिलेल्या निळ्या रंगातला उरलेला रंग घेऊन एका फळीवर बहिणीचं नाव काढलं. अक्षरं उजवीकडे चढत गेली होती. "नाव टेकडी चढतंय तुझं," तो म्हणाला. ती फळी तिने भिंतीला टेकवून ठेवली आणि येता-जाता पुसत राहिली.

रोसामेलचा घोडा कोपो. पांढराशुभ्र, शेपूट खुरांपर्यंत. आमच्या धंद्यात असे केस म्हणजे सोनं, कारण काळ्याला रंग चढत नाही आणि घोडीचे केस मुताने पिवळे पडून तुटतात. तरी कोपोच्या शेपटीतून वर्षाला एकच बट निघायची, जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, आतल्या बाजूची, बोटभर जाडीची. ती रोसामेल स्वतः कापायचा आणि बहिणीला कागदात गुंडाळून द्यायचा, वाढदिवसाची भेट द्यावी तशी.

जानेवारीत, आमच्या भर उन्हाळ्यात, संध्याकाळी आम्ही द्राक्षांच्या मांडवाखाली माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत मेळ्याची तालीम करायचो. रोसामेल डोक्याला रुमाल बांधून शहरातली बाई व्हायचा.

"अय्या, हे खरंच घोड्याचे केस?"

"नाही, माझ्या भावाचे. म्हणून तर तो टकला," झुनिल्दा म्हणायची.

"गिऱ्हाइकाला असं बोलशील तर सगळा माल परत आणशील. नीट सांग. बरं, कापताना बिचाऱ्या घोड्याला त्रास होत असेल ना?"

"अजिबात नाही, सेन्योरा. आम्ही हिवाळ्यात घेतो, बोटभर. उन्हाळ्यात शेपटीला हात लावत नाही, ती त्याला माशा वारायला लागते. आणि घेतलेले केस पुन्हा वाढतात."

"शाब्बास. आता हसून सांग."

मग मेळ्याची व्यवस्था बघणारी विव्हियाना मालाची पाहणी करायला आली. तिने सगळं पाहिलं, मान डोलावली, आणि फडताळातल्या नवरीपाशी थांबली. तशी एक झुनिल्दाने माझ्या लग्नात मला विणून दिली होती, ही तिची जोडीण तिने स्वतःपाशी ठेवली होती. वीतभर उंच, न रंगवलेल्या पांढऱ्या केसांची, टाचेपर्यंत ओढणी. विकायची नव्हती. विव्हियाना म्हणाली, "अशा बारा करा, दोन्या. गाळ्यावर पुढे मांडा. तुमचं नाव लोक वर्षानुवर्षं विसरणार नाहीत."

हे वाक्य तिने बोलायला नको होतं. झुनिल्दा त्या दिवशी जेवलीच नाही. घरातले पांढरे केस काढून मोजले, तर त्यात दोन ओढण्याही होईनात. खाटकाकडून आलेल्या पेंढीत आखूड आणि पिवळट केस. ओढणीला लांब केस लागतात, आणि सगळे एका लांबीचे.

त्याच आठवड्यात रोसामेलची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली. पाच दिवस ताल्काच्या इस्पितळात. निघताना त्याने बहिणीला बजावलं, "दुपारी त्याला विलोच्या झाडाच्या सावलीत बांध. यंदा माशा फार आहेत."

"मला सांगतोस? मी काय घोडा आज पाहतेय?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. हातात कात्री. "कोमाद्रे, जरा चल. तू धरलंस तर तो उभा राहतो."

मला कळलं होतं. हे मी आज झाकून ठेवणार नाही. मी म्हटलं, "जानेवारी आहे, कोमाद्रे."

"दहा दिवसांत माशा जातील. आणि पांढऱ्याला त्या कमीच चावतात, काळ्याच्या मागे लागतात. एकच बट."

मी कोपोचं तोंड धरलं, सफरचंद दिलं, कपाळ खाजवलं. एक बट झाली. मग तिने ती उजेडात धरली आणि म्हणाली, "आणखी एक." मग आणखी एक. तिसऱ्या वेळी मी मागे पाहिलंच नाही. तोंड धरणाऱ्याला मागचं दिसत नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. कात्रीचा आवाज मात्र ऐकू येतच होता. ती थांबली तेव्हा शेपटीच्या जागी एक झुडपासारखा खुंट उरला होता, आणि कोपो तो हलवत होता.

पुढचे तीन दिवस आग ओकणारे होते. घोडमाशांचा नुसता घोंगाट. झुनिल्दाने त्याला विलोखाली बांधलं, अंगावर ओलं पोतं टाकलं, तासातासाला जाऊन फांदीने वारलं. पोटाखालच्या, मांड्यांमधल्या माशांना ती काय करणार? तिसऱ्या दुपारी त्याने दोर तोडला. पाण्यात अंग बुडवायला कालव्याकडे धावला आणि सिमेंटच्या उतारावरून घसरला. आम्ही पोचलो तेव्हा पुढचा पाय गुडघ्याखाली उलटा वळला होता. पलीकडच्या मळ्यातला माणूस बंदूक घेऊन आला. झुनिल्दा शेवटपर्यंत त्याच्या अंगावरच्या माशा हाकलत राहिली. गोळी झाडल्यावरसुद्धा.

रोसामेल दोन दिवसांनी बसने आला, पोटाला हात लावून चालत. इस्पितळात त्याला कुणी कळवलं नव्हतं. झुनिल्दाने दारातच सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. तेवढी ती खरी होती. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"धरलं कुणी होतं?"

"मी," मी म्हटलं.

"तरीच. तुला ओळखायचा तो."

एवढंच. त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. झुनिल्दा म्हणाली ते केस ती पुरून टाकेल, मेळ्याला जाणार नाही. तो म्हणाला, "कापलेत ना? मग विण. आता वाया घालवू नकोस." आणि आपल्या खोलीत गेला.

ती विणत राहिली, तो समोर बसून राहिला. बारा नवऱ्या झाल्या. इतकं सुंदर काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हे मला आजही कबूल करायला जड जातं. मांडवाखालची तालीम मात्र पुन्हा झाली नाही.

मेळ्याला माल छकड्यातून न्यायचा ठरलं होतं. आता छकडा दारात कलंडून पडला होता. रोसामेलने खोकी बसमध्ये मांडीवर घेतली, डॉक्टरने ओझं उचलू नको म्हटलं असूनही. गाळ्यावर फळी टांगली ती त्यानेच, आणि मागे उलट्या खोक्यावर जाऊन बसला.

लोक नवऱ्यांवर तुटून पडले. दुपारपर्यंत दोन उरल्या. तेवढ्यात एक बाई आली, चांगली साधी बाई, लेकीच्या लग्नासाठी घेणारी. ओढणीवरून हळूच बोट फिरवून म्हणाली, "किती नाजूक! घोड्याचे केस ना? कापताना बिचाऱ्याला त्रास तर होत नाही?"

झुनिल्दाने तोंड उघडलं. मांडवाखाली शंभरदा घोकलेलं उत्तर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मागून खोकं सरकल्याचा आवाज आला. रोसामेल पोट धरून उठला, पुढे आला, आणि ती नवरी कागदात गुंडाळू लागला.

"नाही हो, सेन्योरा," तो म्हणाला, आणि बहिणीला शिकवलं होतं तसं हसलासुद्धा. "आम्ही हिवाळ्यात घेतो, बोटभर. पुन्हा वाढतात."