पालथे दहा दिवस आणि इटलीवाली

“पडदा सुटलाय,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “मधला भागही सुटलाय. ऑपरेशन उद्याच करू.”

मी विचारलं, “चार दिवसांनी चालणार नाही का? ऑफिसात काम आहे.”

त्यांनी माझ्या कागदावरून मान वर केली. “दुसऱ्या डोळ्यानं किती दिसतं तुम्हाला?”

माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे. त्यानं माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. बावन्न वर्षं मी उजव्या डोळ्यावर काढली. सरकारी लिपिकाची नोकरी, स्कूटर, वर्तमानपत्र, सगळं त्याच एका डोळ्यावर. ऑफिसचा विषय मी तिथंच सोडला. पत्नी सुषमा शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, “किती वाजता यायचं?”

या आजाराला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. भिंतीवरचा कागद ओल येऊन सुटावा तसा तो सुटतो. त्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. वाचणं, चेहरे ओळखणं हे त्याचं काम.

माझी चूक आधी सांगतो, कारण हे वाचणाऱ्या एखाद्याला ती टाळता येईल. आठ दिवस आधी डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगू लागले. कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. जाड नंबरवाल्यांना हा धोका जास्त असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मग उजवीकडून काळी सावली सरकू लागली. आमच्या नंदनवन वस्तीतून स्कूटरवर ऑफिसला जाताना उजवीकडून आलेली ऑटो मला दिसलीच नाही. थोडक्यात वाचलो. त्या दिवशी दवाखान्यात गेलो. ठिपके आणि चमक दिसली त्याच दिवशी गेलो असतो, तर कदाचित लेसरवर भागलं असतं.

ऑपरेशनचं नाव विट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, पडदा जागेवर बसवतात, लेसरनं चिकटवतात आणि आत गॅसचा बुडबुडा भरतात. डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. मी शुद्धीत होतो. दुखलं नाही.

त्रास नंतरचा. बुडबुडा नेहमी वर जातो. तो पडद्याला दाबून राहावा म्हणून रुग्णानं तोंड जमिनीकडे ठेवायचं. मॅडम म्हणाल्या, “दहा दिवस. जेवायला आणि बाथरूमला उठा, बाकी वेळ मान खाली. पडदा चिकटेल. नजर किती येईल ते मी आज सांगू शकत नाही.”

सुषमा शाळेत शिकवते. तिला दोनच दिवसांची रजा मिळाली. त्यानंतर दिवसभर माझ्याजवळ मुलगी, मृणाल.

मृणाल वीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात सेटर. म्हणजे स्मॅश दुसरी मारते, तिच्यासाठी चेंडू उचलून देणारी ही. दोन महिन्यांपूर्वी मी तिला खेळ बंद करून स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायला सांगितलं होतं. तिनं क्लास लावला आणि माझ्याशी बोलणं कामापुरतं केलं. “जेवण वाढलं आहे,” “चावी टेबलावर आहे,” एवढंच.

आता तीच दर दोन तासांनी माझ्या डोळ्यात औषध टाकत होती.

मी टेबलावर उशी, उशीवर गुंडाळलेला टॉवेल, त्यावर कपाळ टेकून बसायचो. मान आखडायची, पाठ भरून यायची. खाली फरशी, तीही डाव्या डोळ्यानं धूसर. तिसऱ्या दिवशी मला रडू आलं. पालथ्या माणसाचे अश्रू सरळ खाली पडतात, लपवता येत नाहीत. मृणालनं फरशी पुसली.

दुपारी तिच्या मोबाइलमधून शिट्ट्या आणि ओरडा ऐकू आला.

“काय पाहून राहिली वं?”

“मॅच.”

“कोणाची?”

“इटलीची.”

“मले बी सांग.”

ती माझ्या खुर्चीपाशी फरशीवर येऊन बसली आणि सांगू लागली. आधी अडखळत, मग भराभर. त्या संघातल्या एका सेटरचे जुने-नवे सगळे सामने तिनं साठवून ठेवले होते. इटलीत ती फार गाजलेली खेळाडू. घराघरात तिचं नाव. आमच्या घरात ती झाली इटलीवाली.

पुढचे दिवस आम्ही तिच्याबरोबर काढले. सकाळी एक सामना, दुपारी एक. समुद्राकाठच्या लहान गावातली पोर. आई-बापाचं पावाचं दुकान. पंधराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या शहरातल्या क्लबच्या वसतिगृहात. उंची कमी म्हणून स्मॅश मारणं सुटलं, सेटर झाली. विसाव्या वर्षी देशाच्या संघात, पुढे कॅप्टन. एका मोठ्या उपांत्य सामन्यात शेवटचा चेंडू तिनं चुकीच्या मुलीला दिला आणि संघ हरला. मृणालनं तो चेंडू मला तीनदा सांगितला. ती म्हणाली, “तिनं मान खाली नाही घातली, बाबा. जिचा स्मॅश चुकला तिच्यापाशी गेली आधी.”

नंतर बोटाचं हाड मोडलं. बत्तिसाव्या वर्षी संघातून काढलं. ती खालच्या दर्जाच्या क्लबात जाऊन लहान मुलींबरोबर खेळली. तीन वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं, आणि तेव्हा कुठं सोन्याचं पदक.

मी विचारलं, “काढलं तेव्हा घरचे काय म्हणाले तिले?”

“ते कोणी लिहून नाही ठेवलं.”

टॉवेलमध्ये तोंड खुपसूनच मी म्हणालो, “तुह्या विद्यापीठाच्या संघाची निवड कधी आहे?”

“उद्या. मी नाही चालली.”

“काहून?”

“तुमाले औषध कोण टाकंल? अन् तुमीच तर खेळ बंद कर म्हटलं.”

“म्हटलं होतं. चुकलं माझं. तू जा.”

सकाळी तिच्या खेळाच्या बुटांचा आवाज दाराबाहेर गेला. सुषमा शाळेतून मधल्या सुटीत येऊन थेंब टाकून गेली. बाकी वेळ मी एकटाच होतो, मान खाली घालून. त्या दिवशी मान एकदाही वर केली नाही, हे मात्र सांगतो.

मृणालची निवड झाली, राखीव सेटर म्हणून. घरी येऊन तिनं आधी औषधांची वेळ तपासली, मग सांगितलं.

दहाव्या दिवशी मॅडमनी पडदा चिकटल्याचं सांगितलं. बुडबुडा जिरायला दीड महिना लागला. तोवर डोळ्यात पाण्याची पातळी हलावी तसं दिसायचं. तुम्हाला तसं दिसलं तर घाबरू नका. माझी नजर आली, पण पूर्ण नाही. सरळ रेघ मधे वाकडी दिसते. बारीक अक्षर वाचता येत नाही. स्कूटर विकली, बसनं जातो. ऑफिसात मोठ्या अक्षरांचा संगणक मिळाला. जे गेलं ते उशीर केल्यामुळे गेलं. जे राहिलं ते त्या डॉक्टरांच्या हातामुळे आणि घरातल्या दोघींमुळे राहिलं.

गेल्या महिन्यात विद्यापीठाचा सामना पाहायला गेलो. नेट मला मधोमध वाकलेली दिसत होती आणि चेंडू तर मधेच हरवायचा. शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांची मुलगी स्मॅश मारत होती, ते खूश होते.

त्यांनी विचारलं, “तुमची कोणती?”

मी बोट दाखवलं. “ती. बाकावर बसली आहे ना, डावीकडून दुसरी.”