शंकाकाकांची हशाची पारख

विनोदी मालिका बघताना शंकाकाका कधीही हसले नाहीत. जुन्या अमेरिकन मालिका ते रोज लावत, पण चेहरा उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाचा. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर लेकीकडे राहत. पुण्यात बँकेत तपासनीस होते. ते निवृत्त झाले, त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. शंकाकाका हे नाव आम्हीच ठेवलेलं, आणि ते त्यांना माहीत असावं, असा माझा दाट संशय आहे.

शाळेतली नोकरी सोडून मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले होते. दुपार खायला उठायची, म्हणून वर जाऊन त्यांच्यासोबत मालिका बघत बसे. सुखाने बघू देतील तर शपथ! "तो जिना बघ. वर खोलीबिली काही नाही. नट वर जाऊन फळीवर उभा राहतो." "चौघं टेबलाच्या एकाच बाजूला का जेवतायत? कॅमेऱ्याला पाठ दिसायला नको म्हणून." शीर्षकगीत लागलं की आवाज वाढवत. "हे गाणं मुळात एवढंच होतं. मालिका गाजल्यावर रेडिओसाठी उरलेलं गाणं रचलं. आणि लोकांना वाटतं, आधी गाणं होतं!" हे सगळं कुठून शोधून काढत, देव जाणे.

खरा राग मात्र विनोदामागे वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित हशावर. "दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमात हसलेली माणसं आहेत ही. आपलं हसू कुठे वापरलंय, त्यांना पत्ताही नाही." असला हशा ओळखायचा कसा, हेही त्यांनी मला शिकवलं. "तो नळ बंद केल्यासारखा थांबतो. खऱ्या हशात कुणीतरी एक उशिरा हसतोच."

या नजरेतून शेजारीही सुटले नाहीत. गल्लीतल्या डच घरांना पडदे नसत. दिवे लावून बसलेली कुटुंबं बघून काका म्हणत, "सेट आहे हा." शेजारणीच्या वाढदिवसाला सगळे गोल करून खुर्च्यांवर बसले होते आणि एकदम हसले. काका माझ्या कानाशी आले. "बटण कुणी दाबलं?"

मग इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी प्रहसन लिहिलं. आपल्याला इथे काहीतरी येतं, हे मला स्वतःलाच दाखवायचं होतं. इथली मुलं मराठी समजतात, उत्तर देतात इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. ती हसतील का, या धास्तीने झोप उडाली. ध्वनियोजना काकांकडे होती. मी हळूच म्हणाले, "काका, लॅपटॉपवर थोडा हशा तयार असू दे. कुणी हसलंच नाही तर..."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तूसुद्धा? बरं. ठेवतो."

प्रयोगाला हशा पिकला. लोक कौतुक करत होते आणि मला त्यातलं अक्षरही पटत नव्हतं. काकांना गाठलं. "खरं सांगा, बटण दाबलंत ना?"

"तुला काय वाटतं?" एवढंच म्हणून ते नेहमीसारखे खोकत वायरी गुंडाळू लागले.

नवऱ्याने प्रयोग फोनवर टिपून मला पाठवला होता, पण तो ऐकायची हिंमत होईना. पुन्हा मी काही लिहिलं नाही.

काका कायमचे पुण्याला निघाले तेव्हा मी त्यांना स्किपोल विमानतळावर पोचवायला गेले होते. "प्रयोगाचं रेकॉर्डिंग ऐकलंस का?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "शंका घ्यावी गं, पण तपासावी. नुसती बाळगू नये." मग बॅग उचलून मागे न बघता आत गेले.

गेल्या महिन्यात काका वारल्याचा पुण्याहून फोन आला. त्यांची लेक रडत खाली आली. तिला चहा करून दिला, धीर दिला. ती वर गेल्यावर मी फोन काढून ते रेकॉर्डिंग लावलं.

पहिला विनोद. हशा झाला, वेडावाकडा, इथून तिथून. एका मुलीने आईला डचमध्ये अर्थ विचारला, आई हसता हसता सांगत होती. हळूहळू सगळं शांत झालं. आणि मग ध्वनीच्या टेबलाकडून एक जण उशिरा हसला. सवय नसल्यासारखा, मध्येच खोकत.

शंकाकाकांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. खोकला मात्र ओळखीचा होता.