वेटलिस्ट मावशी

ज्या वर्गात जागा शिल्लक आहे त्या वर्गाकडे मावशी ढुंकूनही बघत नसे. "सप्टेंबर उजाडला तरी खुर्च्या रिकाम्या, म्हणजे काहीतरी खोट असणार गो," असं तिचं म्हणणं. भरलेल्या वर्गाच्या वेटलिस्टवर ती नाव घालायची, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या रांगेत बसायची, आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोणीतरी गळलं की हिचं नाव लागायचं. वय सहासष्ट, पायात बर्फात घालायचे लांब बूट, खांद्याला एक जाडजूड बॅग. तीस वर्षं हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करून रिटायर झाल्यावर ती एका टर्मला एक कोर्स अशा चालीने डिग्री करत होती. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या त्या युनिव्हर्सिटीत आम्ही चार-पाच मराठी पोरं होतो. आम्हीच तिचं नाव वेटलिस्ट मावशी ठेवलं. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मावशी मूळची रेवदंड्याकडची, बेने इस्रायल. म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आलेल्या ज्यू घरातली. मी नागपूरची. आमची ओळख बसस्टॉपवर झाली. ती फोनवरून टोरांटोजवळ एटोबिकोत राहणाऱ्या आपल्या मुलीला, नारळाचं दूध उकळू दिलं की फुटतं, यावरून झापत होती आणि मी कान टवकारून ऐकत होते. फोन ठेवून ती म्हणाली, "सगळं ऐकलंस ना? मग आता नाव सांग." मी तुम्ही-तुम्ही करायला लागले तर म्हणाली, "इथे प्रोफेसरला नावाने हाक मारतात, मला कसलं तुम्ही?" माझं 'मी अभ्यास करून राहिली' ऐकून ती इतकी हसली की आमची बस चुकली.

त्या दिवसापासून मी तिच्यामागे होते आणि, सरळच सांगते, त्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटत होता. माझ्या वयाच्या मुलींचा वाटायला हवा तो हेवा मला एका गुडघे धरून जिने चढणाऱ्या बाईचा वाटावा, याची लाजही वाटायची. पण लाजेने हेवा थोडाच जातो.

कोर्स निवडायची तिची रीतच वेगळी. आम्ही व्हॉट्सॲपवर विचारायचो, "कुठला बर्ड कोर्स आहे का?" न शिकता मार्क मिळतात त्या कोर्सला इकडे बर्ड कोर्स म्हणतात. मावशी मात्र आधी लायब्ररीत जायची, कोर्सच्या यादीतलं पहिलं पुस्तक काढायची आणि खिडकीशी बसून पहिलं प्रकरण वाचायची. "वाचताना डबा खायचा राहून गेला तर कोर्स घ्यायचा," ती म्हणायची. मी एकदा करून बघितलं. वीस मिनिटांत डबा संपला.

आमच्या डिग्रीला दोन अटी होत्या. एक कोर्स मल्टिकल्चरल, म्हणजे कॅनडात राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांबद्दलचा. आणि एक इंटरनॅशनल, म्हणजे बाहेरच्या जगाबद्दलचा. दोन कोर्स घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. मावशीने मल्टिकल्चरलचेच पाच केले होते. "मावशी, अट एकाचीच आहे," मी म्हटलं. "जेवायला भाजी एक पुरते गो. म्हणून दुसरी कोणी वाढली तर नको म्हणतेस का?" तिच्यापाशी अशी उत्तरं तयार असायची.

त्यातल्या एका कोर्सला आम्ही दोघी बरोबर होतो. स्थलांतरित बायकांच्या कामाबद्दलचा वर्ग होता. मी बावीस स्लाइड्स करून नेल्या, एकही प्रश्न आला नाही. मग मावशी उठली. हातात कागदसुद्धा नाही. हॉस्पिटलच्या किचनमध्ये फिलिपिनो, लेबनीज आणि न्यूफाउंडलंडच्या बायका एकमेकींची भाषा येत नसताना कुठल्या पेशंटला काय आवडतं ते एकमेकींना कसं सांगायच्या, एवढंच तिने सांगितलं. वर्ग संपला तरी पोरं हलेनात. प्रोफेसर तिच्याशी बोलत दारापर्यंत गेली. मला ती शेवटपर्यंत 'मागच्या रांगेतली' म्हणूनच ओळखायची. मी घरी येऊन त्या बावीस स्लाइड्स डिलीट केल्या.

तिने एकदा विचारलं, "तुझा इंटरनॅशनल कुठला? ॲडव्हायझरला दाखवलास का?" तेव्हा म्हणूनच मी "दाखवला" असं ठोकून दिलं. दाखवला नव्हता. हिने मला शिकवावं हेच नको होतं.

शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरात ॲडव्हायझरने माझा कागद समोर धरला आणि इंटरनॅशनलच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना रिकामा. मी म्हटलं, मी तर इथल्या कोळ्यांच्या इतिहासाचा कोर्स घेतला की. ती बाई बिचारी गोड आवाजात म्हणाली, "पण तो कॅनडाचा इतिहास आहे." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला कॅनडा परदेश, म्हणून मी कॅनडाचा कोर्स इंटरनॅशनल धरला होता. भारताचा चालला असता, पण तो मी मुद्दाम टाळला. घरचीच गोष्ट शिकायला सातासमुद्रापार कशाला यायचं, असा माझा हिशोब. युनिव्हर्सिटीच्या लेखी मात्र परदेश कुठला ते कॅनडाच्या दारात उभं राहून ठरवायचं होतं.

तोंडचं पाणी पळालं. टोरांटोची नोकरी हातात होती, पण मेपर्यंत डिग्री मिळाली तरच. जानेवारीच्या टर्मला माझ्या वेळात बसणारा इंटरनॅशनल कोर्स एकच होता, हिंदी महासागरातली जुनी बंदरं, दर मंगळवारी. वर्ग भरलेला. वेटलिस्टवर माझा नंबर पहिला. आणि आत कोण, तर मावशी. तो कोर्स दोन वर्षांतून एकदाच लागायचा. मागच्या खेपेला वेटलिस्टवरून तिचा नंबर लागला नव्हता. या वेळी तिने पहाटे उठून नाव नोंदवलं होतं, जन्मात पहिल्यांदा. पहिलं पुस्तक तर तिने विकतच घेतलं होतं.

मी तिला काही मागितलं नाही. फक्त लायब्ररीत तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, आणि सांगताना मला पक्कं ठाऊक होतं की मी मागतेय.

तिने ऐकून घेतलं. चष्मा पुसला. मग कॉम्प्युटर ओढून घेतला, दोन-तीनदा क्लिक केलं आणि म्हणाली, "तुझा इमेल बघ. जागा झाली असेल."

"मावशी, अगं, तुझा कोर्स."

"मंगळवारी माझी फिजिओ असते. गुडघा काही ऐकत नाही."

तिची फिजिओ गुरुवारी असायची. तिला घ्यायला दोनदा मीच गेले होते. तरी चोवीस तासांची मुदत असताना मी ती जागा चार मिनिटांत घेतली.

मावशीच्या घरी नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. वेटलिस्टवरून नाव लागलं की ती मलिदा करायचीच. त्या रविवारी तिने माझ्यासाठी केला. "तुझं नाव लागलं ना," म्हणाली. स्वतःची खुर्ची गेली त्याचा मलिदा तिने केला आणि मी दोन बश्या भरून खाल्ला. माणसाने इतकं चांगलं असू नये. समोरच्याला जागा उरत नाही.

मग मंगळवार सुरू झाले. वर्ग सुटला की मावशी कॉफीच्या काउंटरपाशी उभी असायची. "आज काय झालं गो?" मी म्हणायची, "काही खास नाही."

होतं. दर मंगळवारी होतं. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत महिनोन्‌महिने बंदरात अडकून पडलेले व्यापारी होते, त्यांनी घरी लिहिलेली पत्रं होती. एका मंगळवारी प्रोफेसरने भिंतीवर नकाशा लावला आणि त्यावर चौलवर ठिपका होता. चौल म्हणजे रेवदंड्याला खेटून, मावशीचं आजोळ. पहिल्यांदाच तिच्याकडे नाही ते माझ्याकडे होतं, आणि मला ते माझ्याचकडे ठेवायचं होतं. बाहेर आले. ती उभी होती. "आज?" "काही खास नाही," मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि माझ्या कॉफीत साखर घातली.

मेमध्ये मला डिग्री मिळाली, मी टोरांटोला गेले. पुढच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मावशी मुलीकडे एटोबिकोला आली ती तिथेच राहिली. तिची डिग्री दोन कोर्सांवर अडली. बंदरांचा कोर्स पुन्हा लागला तेव्हा ती वॉकर घेऊन चालत होती.

ती गेली त्याआधीच्या उन्हाळ्यात मी तिच्या मुलीच्या फ्लॅटवर गेले होते. ती टेबलाशी बसून आंबा चिरत होती. मी मनाशी ठरवूनच आले होते. म्हटलं, "मावशी, त्या मंगळवारच्या वर्गात खास होतं. दर वेळी होतं. मी मुद्दाम सांगत नव्हते."

तिची सुरी थांबली नाही. "ठाऊक होतं. बाकीच्या वर्गांचं रटाळ तू पाऊण तास सांगायचीस. मंगळवारचं तेवढं दोन शब्दांत."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारत तर होते गो, दर मंगळवारी." तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता सांग. पहिल्यापासून."

मी सुरुवात केली. वारा सांगितला. अडकलेले व्यापारी सांगितले. पत्रं होती हे सांगितलं, पण त्या पत्रांत काय होतं ते येईना. नकाशावर चौल होतं, हे सांगितलं. ती पुढे झुकली. "चौल? काय सांगितलं चौलचं?"

मी आठवून बघितलं. प्रोफेसरचा हिरवा स्वेटर आठवला, माझे मार्क आठवले, तो ठिपका आठवला. चौलबद्दल प्रोफेसरने काय सांगितलं, त्यातला एक शब्द मला आठवेना.

मावशी म्हणाली, "राहू दे. परीक्षा झाली की सगळ्यांचंच जातं," आणि आंब्याची बशी माझ्याकडे सरकवली.

त्या खुर्चीवर ती बसली असती तर तिला शब्द न्‌ शब्द आठवला असता. आणि खरं सांगायचं तर, समोर बसून आंबा खाताना मला आधी तिचा हेवाच वाटला. रडू नंतर आलं, एलिव्हेटरचं दार बंद झाल्यावर.